घराच्या हप्त्यांची नोटीस, विधी सेवा समिती आणि लोकअदालत: आमचे आठ महिने

पाकीट आलं तेव्हा मी घरी एकटीच होते. २० ऑगस्ट २०२४, मंगळवार, राखीचा दुसरा दिवस. पोस्टमनभाऊंनी सही घेतली आणि ते सायकल वळवून निघून गेले. पाकिटावर कर्ज देणाऱ्या कंपनीचं नाव होतं आणि खाली यांचं आणि माझं, दोघांचं नाव. मी ते उघडलं नाही. पिठाच्या डब्यामागे ठेवलं आणि मशीनवर जाऊन बसले. कोणाचा तरी ब्लाउज शिवत होते, त्याची बाही दोनदा उसवावी लागली.

ते पाकीट मी नऊ दिवस तसंच ठेवलं. आज हे लिहिते आहे ते मुख्यतः त्या नऊ दिवसांसाठी. ज्यांच्या घरात आत्ता असं एखादं पाकीट फळीवर पडलं असेल, त्यांनी निदान माझ्याइतके दिवस तरी घालवू नयेत.

आधी आमची परिस्थिती सांगते. आमचं गाव हिंगणघाटपासून १७ किलोमीटरवर. आबादीतलं घर, आधी मातीचं होतं. ऑक्टोबर २०२१ मध्ये ते पाडून दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि वर स्लॅब, असं बांधलं. घराला नमुना ८, म्हणजे ग्रामपंचायतीचा घराचा उतारा, होता, पण शहरातल्यासारखे कागद नव्हते, म्हणून बँकेनं नाही म्हटलं. मग एका गृहकर्ज कंपनीनं ६,५०,००० रुपये दिले, १३.५ टक्के व्याजानं, १५ वर्षांसाठी. हप्ता ८,४३९ रुपये, दर महिन्याच्या ५ तारखेला. हे दुसऱ्याच्या छोट्या हत्तीवर, म्हणजे मालवाहू टेम्पोवर, ड्रायव्हर, मी शिलाई करते, आणि तीन एकर कोरडवाहू वावर. सत्तावीस हप्ते आम्ही वेळेवर भरले. एकही चुकला नव्हता.

२१ जानेवारी २०२४ ला यांच्या गाडीला अपघात झाला. मांडीचं हाड मोडलं, सेवाग्रामच्या दवाखान्यात रॉड टाकला. सात महिने घरी. फेब्रुवारीचा हप्ता चुकला, मार्चचा चुकला, आणि मग तो आकडा डोळ्यांसमोर आणायचंच आम्ही टाळायला लागलो. मे महिन्यात वसुलीवाला घरी आला, मोठ्या आवाजात बोलला. शेजारच्या काकू ओसरीवर उभ्या राहून ऐकत होत्या. मी घरातले ५,००० रुपये त्याच्या हातावर ठेवले. पावती मागितली तर म्हणाला, "मोबाईलवर येईल." आली नाही. ते पाच हजार आजपर्यंत कुठेच जमा दिसलेले नाहीत. पावती हातात पडल्याशिवाय कोणालाही रोख पैसे देऊ नका, तो कितीही ओरडला तरी. वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, हेही मला नंतर कळलं. आम्हाला रात्री साडेनऊलाही फोन यायचे.

पाकीट शेवटी यांना सापडलं, २८ ऑगस्टला रात्री. पीठ काढायला गेले आणि हातात आलं. "काहून लपवलं वं?" एवढंच विचारलं. रागावले असते तर बरं वाटलं असतं. मामाजी, म्हणजे माझे सासरे, बाजेवर बसून होते. नोटीस इंग्रजीत होती, आठ पानांची. आम्ही तिघं कंदिलाभोवती बसावं तसे त्या कागदाभोवती बसलो. आकडा तेवढा वाचता आला: ६,८६,२१४ रुपये. साडेसहा लाख घेतले, सव्वादोन वर्षं हप्ते भरले आणि तरी घेतले त्यापेक्षा जास्त देणं! मामाजी म्हणाले, "माह्या बापाचं घर मातीचं होतं, पण कोनाचं कागद नोहोतं त्याच्यावर."

त्या रात्री जे उपाय सुचले ते सांगते, कारण तुम्हालाही हेच सुचतील. एक, सावकार. शेकडा पाच रुपये महिन्यानं. दोन, तालुक्यातला एक माणूस, जो "कंपनीत ओळख आहे, सेटलमेंट करून देतो" म्हणून १५,००० रुपये आगाऊ मागत होता. तीन, गावातल्या एका मोठ्या माणसाचं म्हणणं, की शेतकऱ्याचं राहतं घर कायद्यानं जप्त होत नाही, त्यामुळे गुमान बसा. तिसऱ्याचा मोह सगळ्यात जास्त होता.

मला आठवलं ते उन्हाळ्यातलं शिबिर. ग्रामपंचायतीच्या सभागृहात फुकट कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा समितीचे लोक आले होते, मी लेकराला घेऊन मागे बसले होते. तिथे एक विधी स्वयंसेविका बोलली होती, शेजारच्याच गावची. म्हणाली होती, बाईला वकील फुकट मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. तेव्हा ते माझ्यासाठी नाही असं वाटलं होतं. मारहाण, फारकत, असल्या बायांसाठी असेल. रात्री अकरा वाजता तिचा नंबर आशाताईंकडून मिळवला आणि सकाळी सहाला फोन केला. ती म्हणाली, "आजच जाय. पाकीटासकट जाय. पाकीट फेकू नको, त्याच्यावर तारीख असते."

२९ ऑगस्ट, गुरुवार. सकाळची एस.टी. पकडली, बायांना अर्धं तिकीट आहे म्हणून १५ रुपये. समितीचं ऑफिस कोर्टाच्या आवारात, आणि तिथे मी याआधी कधी पाय ठेवला नव्हता. काळे कोट, पोलीस, झाडाखाली टायपिंगवाले. दोनदा गेटपर्यंत जाऊन परत फिरले. शेवटी एका चहावाल्या दादांना विचारलं, तर त्यांनी बोटानं दाखवलं, "थे पाय, पाटी हाय न."

आत टेबलामागे बसलेले लिपिक म्हणाले, "बसा जी ताई." मी उभीच राहिले. त्यांनी खुर्ची पुढे ओढून दिली. नोटीस पाहिली, पाकीट उलटून पोस्टाचा शिक्का पाहिला आणि नोटिशीवरची तारीख एका कागदावर लिहिली: १२ ऑगस्ट. मग बोटावर मोजून दुसरी तारीख लिहिली: ११ ऑक्टोबर. "हे साठ दिवस आहेत. त्यातले सतरा गेले."

अर्ज एका पानाचा, मराठीत. नाव, पत्ता, कशासाठी मदत हवी, कोणत्या कारणानं पात्र. तिथे "महिला" यावर खूण केली. आधार कार्ड, रेशन कार्ड, नोटिशीची झेरॉक्स आणि दोन फोटो. उत्पन्नाचा दाखला लागला नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे आणि त्याच्या १२ व्या कलमात बाया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, आपत्तीत सापडलेले, कामगार, सगळे येतात. पुरुषमाणसाला यातलं काही लागू नसेल तर उत्पन्नाची मर्यादा पाहतात, त्यांनी दाखला आधीच काढून न्यावा. आमच्या कर्जात मी सहकर्जदार होते म्हणून अर्ज माझ्याच नावानं केला. कंपन्या बायकोची सही घेतात ती स्वतःच्या सोयीसाठी, पण त्याच सहीनं मला इथे दार उघडलं.

फी शून्य. ज्यांना तालुक्याला जाणं जमत नाही त्यांनी १५१०० या नंबरवर फोन करावा, तो विधी सेवेचा देशभरचा मदत क्रमांक आहे.

पोळा २ सप्टेंबरला होता. आमच्याकडे बैलजोडी आता नाही, पण तान्ह्या पोळ्याला लेकानं लाकडी नंदी सजवला, दारोदारी नेला, बोजारा (घरोघरी मिळणारे पैसे-खाऊ) आणला. मी दारात उभी राहून त्याला पाहत होते आणि डोक्यात एकच, पुढच्या पोळ्याला हे दार आपलं असेल का. ४ सप्टेंबरला पत्र मिळालं की पॅनलवरच्या वकील नेमल्या आहेत. ६ तारखेला त्यांना भेटले.

वकीलताई माझ्याहून वयानं लहान असाव्यात. पहिली अर्धी भेट त्या बोलल्याच नाहीत, फक्त वाचत होत्या. मग म्हणाल्या, "ताई, आता मी सांगते ते वहीत लिहा." मी लिहिलं. ते इथे माझ्या शब्दांत देते.

नव्वद दिवस हप्ता थकला की कर्ज एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, धरलं जातं. मग कंपनी सरफेसी नावाच्या २००२ च्या कायद्याखाली कलम १३(२) ची नोटीस पाठवते. त्यात साठ दिवस मिळतात. या साठ दिवसांत आपण लेखी हरकत पाठवू शकतो, आणि कंपनीला तिचं उत्तर १५ दिवसांत द्यावंच लागतं. न पाठवली तर ती आपल्याला काही म्हणायचंच नव्हतं असं धरून चालते. साठ दिवसांनंतर ताबा. तो आधी कागदावरचा असतो, दारावर नोटीस डकवतात आणि पेपरात छापतात. खरोखर घराबाहेर काढायला बहुतेक वेळा जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करून आदेश घ्यावा लागतो. दारावर नोटीस लागल्यापासून ४५ दिवसांत नागपूरच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते. साधं दिवाणी कोर्ट यात पडत नाही.

शेतकऱ्याचं घर जप्त होत नाही, याबद्दल मी विचारलंच. त्या म्हणाल्या, ती सूट दिवाणी हुकूमनाम्याच्या जप्तीसाठी आहे. जे घर तुम्ही स्वतः सही करून गहाण ठेवलंत, त्याला ती सूट नाही. सरफेसीतून सुटते ती शेतजमीन. आमचं वावर वाचलं असतं, घर नाही. ही गोष्ट गावोगावी लोक चुकीची सांगतात आणि त्या भरवशावर माणसं नोटीस चुलीत घालतात, म्हणून जरा जोर देऊन लिहिते आहे.

निघताना मी पाचशेची नोट पुढे केली. त्यांनी ती माझ्या पिशवीत परत ठेवली. "माझे पैसे समिती देते. कोणी मागितले तर द्यायचे नाहीत, उलट समितीला सांगायचं." मला रडू आलं. सहा महिन्यांत पैसे नको म्हणणारं माणूस पहिल्यांदा भेटलं होतं.

१० सप्टेंबरला हरकतीचं पत्र गेलं, रजिस्टर पोस्टानं, पोचपावतीसह. त्यात आम्ही कर्ज नाकारलं नव्हतं. अपघाताचे कागद जोडले, हे पुन्हा कामावर जाताहेत हे सांगितलं, हप्ते पुन्हा बांधून मागितले, पाच हजारांची चौकशी मागितली आणि खात्याचा संपूर्ण उतारा मागितला. उतारा मागणं हे त्यातलं सगळ्यात कामाचं निघालं.

२७ सप्टेंबरला उत्तर आलं. हप्ते बांधून द्यायला नकार, पण सोबत उतारा होता. आम्ही दोघं जेवणं झाल्यावर तो घेऊन बसलो. मुद्दल ६,१४,६९२. व्याज ४९,११२. आणि चार्जेस २२,४१०. ते बावीस हजार आम्ही फोडले: हप्ता परत गेल्याचे ५९० प्रमाणे सात वेळा, ४,१३०. घरी भेट दिल्याचे २,७००, म्हणजे तो माणूस दारात येऊन ओरडला त्याचेही पैसे आमच्याच खात्यावर. कायदेशीर खर्च ६,५२०. आणि दंड ९,०६०. ह्यांनी बोट ठेवून विचारलं, "दंड दर महिन्याले वाढून कसा राह्यला?" खरंच, पुढच्या महिन्याचा दंड मोजताना आधीचा दंडही धरला होता.

वकीलताईंना हे दाखवलं तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या. रिझर्व्ह बँकेचं ऑगस्ट २०२३ चं परिपत्रक आहे, जुन्या कर्जांनाही ते ३० जून २०२४ पर्यंत लागू करायचं होतं. दंड हा दंडच राहील, त्यावर पुढे व्याज चढवायचं नाही. गृहकर्ज कंपन्यांनाही ते लागू आहे. यामुळे आमचं कर्ज माफ होणार नव्हतं, रक्कमही फार मोठी नव्हती. पण बोलणी करायला आमच्या हातात काहीतरी आलं.

इथे आणखी एक गोष्ट. मी मोबाईलवर पाहून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करायला निघाले होते. गृहकर्ज कंपन्या त्या योजनेत येत नाहीत. त्यांची तक्रार राष्ट्रीय आवास बँकेकडे, म्हणजे नॅशनल हाउसिंग बँकेकडे, त्यांच्या ग्रिड्स या संकेतस्थळावर करायची असते. त्याआधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवून ३० दिवस थांबायचं. आम्ही १ ऑक्टोबरला कंपनीला मेल केला, उत्तर आलं नाही, ४ नोव्हेंबरला गावच्या सेवा केंद्रात बसून ग्रिड्सवर तक्रार टाकली. तुमचं कर्ज बँकेचं असेल तर मात्र लोकपालाकडेच जायचं. आधी कागदावर पाहा की देणारा बँक आहे की गृहकर्ज कंपनी.

३० सप्टेंबरला समितीतच दुसरा अर्ज केला, दाखलपूर्व प्रकरण म्हणून लोकअदालतीत ठेवण्यासाठी. दाखलपूर्व म्हणजे कोर्टात केस नसतानाही समिती समोरच्याला बोलावते आणि तडजोड होते का पाहते. त्याचीही फी नाही.

११ ऑक्टोबर आला आणि गेला. दसऱ्याला सोनं वाटताना बाया विचारत होत्या, काय झालं, आणि मी "चालू आहे" एवढंच म्हणत होते.

२२ ऑक्टोबरला दारावर नोटीस लागली. दिवाळीला आठ-नऊ दिवस राहिले होते, मी ओसरी सारवून रांगोळीचे ठिपके काढले होते. दोन माणसं आली, त्यांनी डिंक लावला, कागद दाबला, फोटो काढले आणि गेली. पाच मिनिटांचं काम. रांगोळीवरून त्यांचे बूट गेले. मामाजी घरात गेले आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आले नाहीत. लेक शाळेतून आला, वाचायला शिकला आहे, एकेक अक्षर लावून वाचू लागला, "ता-बा..." मी त्याला ओढून आत नेलं. दोन दिवसांनी पेपरात आलं, नावगावासकट. त्याबद्दल जास्त लिहवत नाही.

त्या संध्याकाळी मी वकीलताईंना फोन केला तेव्हा माझा आवाजच फुटत नव्हता. त्या म्हणाल्या, "कागद फाडू नका. फोटो काढा, तारखेसह. घरातच राहा, कोणी बाहेर जा म्हटलं तर मला फोन करा. आणि वहीत लिहा, ६ डिसेंबर." तो ४५ वा दिवस होता. लोकअदालत १४ डिसेंबरला होती. म्हणजे लोकअदालतीच्या भरवशावर आम्ही बसलो असतो आणि तिथे तडजोड झाली नसती, तर नागपूरचा रस्ता आठ दिवस आधीच बंद झालेला असता. हे माझ्या कधीच लक्षात आलं नसतं. त्यांनी नागपूरला दाखल करायचा अर्ज तयार करून ठेवला, माझ्या सह्या घेऊन. तडजोडीची बोलणी चालू आहेत म्हणून मुदत आपोआप थांबत नाही. कंपनीचा माणूस फोनवर कितीही गोड बोलला तरी नाही.

८ नोव्हेंबरला पहिली बैठक. आम्ही सकाळी साडेदहापासून बसलो, कंपनीचं कोणी आलं नाही. यांची त्या दिवसाची मजुरी बुडाली, माझी शिलाई बुडाली. समितीनं पुन्हा नोटीस काढली. मध्ये विधानसभेची निवडणूक, २० नोव्हेंबरला मतदान. दुसरी बैठक २२ ला. या वेळी नागपूरच्या शाखेतून एक अधिकारी आले. ग्रिड्सवरच्या तक्रारीमुळे आले की समितीच्या नोटिशीमुळे, मला सांगता येणार नाही. पण फोनवर बोलणारे आणि समोर बसलेले हे गृहस्थ यांच्यात फरक होता. टेबलाच्या त्या बाजूला न्यायाधीश असले की "ताई, पाणी घ्या" असं बोलणं निघतं.

बोलणीला जाताना वकीलताईंनी एक काम दिलं होतं, ते खरंच करा. घरात महिन्याला काय येतं आणि काय जातं, ते एका कागदावर खरं खरं मांडायचं. आम्ही मांडलं: यांचे १३,०००, माझे सरासरी ४,५००, लाडक्या बहिणीचे १,५००. वावराचं धरलं नाही, कारण ते दर महिन्याला येत नाही. खर्च वजा जाता हप्त्यासाठी अकरा हजारांच्या वर एक रुपया निघत नव्हता. त्यामुळे अधिकारी जेव्हा "महिन्याला पंधरा भरा, सहा महिन्यांत मोकळे व्हा" म्हणाले, तेव्हा मी मान डोलावली नाही. कागद पुढे सरकवला. न जमणारं कबूल करून आजची वेळ मारून नेण्याचा मोह फार मोठा असतो, मला झाला होता.

२९ नोव्हेंबरला कंपनीचं पत्र आलं, शिक्का-सहीसह: ठरलेल्या अटींवर कर्ज नियमित करू, तोवर पुढची कारवाई करणार नाही, आणि लोकअदालतीत तडजोड नोंदवू. वकीलताईंनी ते दोनदा वाचलं, एक वाक्य बदलून मागितलं, ते ३ डिसेंबरला बदलून आलं. मग त्यांनी नागपूरचा अर्ज दाखल करायचा नाही असं ठरवलं. ६ तारखेची रात्र मी तरीही जागून काढली.

१४ डिसेंबर २०२४, शनिवार. कोर्टाचं आवार जत्रेसारखं भरलं होतं. वीजबिलवाले, बँकवाले, अपघाताचे दावे, चेक न वटल्याच्या केसेस. आमचा नंबर दुपारी सव्वादोनला लागला. पॅनलवर न्यायाधीश आणि सोबत एक वकील. न्यायाधीश मॅडमनी मला विचारलं, "तुम्हाला समजलंय ना काय लिहिलंय? कोणाच्या दबावाखाली नाही ना?" आणि अटी मराठीत वाचून दाखवल्या.

अटी अशा. फेब्रुवारी ते डिसेंबरचे अकरा हप्ते, ९२,८२९ रुपये. दंड आणि घरभेटीचे पैसे, ११,७६० रुपये, माफ. नोटिशीनंतर चढवलेले चार्जेसही माफ. हप्ते परत गेल्याचे आणि कायदेशीर खर्चाचे १०,६५० आम्ही द्यायचे. एकूण १,०३,४७९. त्यातले ४३,४७९ त्याच दिवशी, उरलेले ६०,००० चोवीस महिन्यांत, महिन्याला २,५००, चालू हप्त्यासोबत. म्हणजे महिन्याला १०,९३९. हप्त्याची तारीख ५ ऐवजी १२, कारण यांची मजुरी १० तारखेला होते. ही तारखेची अट मी स्वतः सुचवली होती आणि ती अधिकाऱ्यांनी एका मिनिटात मान्य केली. तीन वर्षं आम्ही ५ तारखेला धावपळ करत होतो, बदलून मागता येते हे माहीतच नव्हतं.

पाच हजार मात्र मिळाले नाहीत. पावती नाही, पुरावा नाही.

४३,४७९ असे जमले: बचत गटातून २०,०००, शेकडा एक रुपयानं. लाडक्या बहिणीचे दिवाळीपर्यंतचे पाच हप्ते, ७,५००, मी हातही लावला नव्हता. पहिल्या वेच्याचा कापूस विकून, वेचाई देऊन, ११,००० उरले. बाकीचे भावानं आणून दिले, पाकिटात, मोजून. त्याला आकडा कोणी सांगितला ते मी विचारलं नाही.

सही करण्याआधी एक गोष्ट समजून घ्या. लोकअदालतीचा निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो आणि त्यावर अपील नाही. आता आम्ही हप्ता चुकवला तर कंपनीला पुन्हा सगळं समजावून सांगायला जागा नाही. म्हणून जे झेपेल तेवढंच कबूल करा. निवाड्याची प्रत फुकट मिळते, तिच्या दोन झेरॉक्स काढून एक दुसऱ्याच्या घरी ठेवा.

जानेवारीत कंपनीचं ताबा मागे घेतल्याचं पत्र यायला हवं होतं. ते आपोआप आलं नाही. तीन मेल, एक स्मरणपत्र, शेवटी ११ फेब्रुवारीला आलं. सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, अजून मागच्या वर्षाची थकबाकी दिसते, ती काही काळ दिसत राहील असं सांगितलं आहे.

खर्च मी वहीत लिहीत गेले. एस.टी., झेरॉक्स, पोस्ट, फोटो, सेवा केंद्र, सगळं धरून १,२४० रुपये. अकरा फेऱ्या. बुडालेली मजुरी वेगळी.

यांच्या पायात अजून थंडीत कळ येते, पण गाडीवर जातात. परवा, १२ एप्रिलला चौथा हप्ता गेला, वीस राहिले. दारावरचा कागद निघाला, पण डिंकाचा चौकोन राहिला होता. मामाजींनी पाडव्याच्या आधी चुना कालवला आणि आधी तेवढाच चौकोन रंगवला, मग बाकीची भिंत. पिठाच्या डब्यामागे आता निवाड्याची प्रत आहे, पावत्या त्याच जुन्या पाकिटात ठेवते.